मशिदीच्या भिंतीवरचे अक्षर

रमजान म्हटले की रोजे, सहर, इफ्तार आणि शीरखुर्मा आठवतो. पण मुस्लिमांसाठी हा सर्वात आधी कुरआनाचा महिना आहे. कुरआनाचे अवतरण याच महिन्यात सुरू झाले, म्हणून महिनाभर रात्रीच्या तरावीहच्या नमाजमध्ये संपूर्ण कुरआन ऐकण्याची प्रथा आहे. हिरा नावाच्या गुहेत हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्यावर जे पहिले अवतरण झाले, त्याची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने होते आणि पुढे लगेच लेखणीचा उल्लेख येतो. कुरआनाच्या ६८ व्या अध्यायाचे नावच ‘अल्-कलम’, म्हणजे लेखणी. रमजानातच झालेल्या बद्रच्या लढाईनंतर मक्केच्या ज्या कैद्यांकडे खंडणी भरायला पैसे नव्हते, पण ज्यांना लिहिता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरले. इस्लामी इतिहासातली ही आठवण प्रसिद्ध आहे. शत्रूच्या हातचे अक्षरही मोलाचे मानणारा हा महिना आहे. तेव्हा आज थोडे अक्षरांविषयी, आणि आपल्या गावातल्या भिंतींवर ती अक्षरे काढणाऱ्या हातांविषयी बोलू.

चित्र नाही, अक्षर आहे

मशिदीत पहिल्यांदा येणाऱ्या हिंदू मित्राला हमखास एक प्रश्न पडतो. आत मूर्ती नाही, चित्र नाही, मग भिंतीवर एवढे काय लिहिले आहे? समोरच्या भिंतीत कमानीसारखा जो कोनाडा असतो तो मेहराब. तो काबागृहाची दिशा दाखवतो, आपल्याकडे साधारण पश्चिमेची. मेहराबीवर बहुधा कलमा असतो, एका बाजूला ‘अल्लाह’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मुहम्मद’ लिहिलेले असते. काही ठिकाणी अल्लाहची ९९ नावे छताच्या पट्टीवर ओळीने लिहितात. बाहेर दारावर मशिदीचे नाव असते आणि बांधकामाचे वर्ष, हिजरी व इसवी दोन्ही.

जुन्या इमारतींवर हे वर्ष पुष्कळदा आकड्यांत नसतेच. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक ठरलेला आहे. अलिफचा १, बे चा २, असे पुढे हजारपर्यंत. या मोजणीला ‘अबजद’ म्हणतात. कवी एखादे वाक्य असे रचायचे की त्यातल्या अक्षरांची बेरीज केली की बांधकामाचे साल निघावे. ट्रकच्या मागे आणि दुकानाच्या गल्ल्यावर दिसणारा ७८६ हा आकडा याच मोजणीतला. ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातील अक्षरांची ती बेरीज आहे.

उपासनेच्या जागी सजीवांचे चित्र काढायचे नाही, हा नियम पाळल्यामुळे कारागिरांची सगळी कल्पकता तीन गोष्टींत उतरली: वेलबुट्टी, भौमितिक नक्षी आणि अक्षर. त्यातही मान अक्षराला मोठा. सुंदर लिहिणाऱ्याला ‘खुशनवीस’ म्हणतात. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठी माणसाला हा शब्द परका वाटायचे कारण नाही. फडणवीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांत तोच ‘नवीस’ बसला आहे. शाई, दौत, कागद, कलम, दफ्तर हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर हातकागद बनवणाऱ्यांचेच.

नुक्त्याचे माप

हे अक्षर मनाला येईल तसे काढत नाहीत. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला, पण त्याने अक्षराला दिलेले माप आजही चालते. बोरूच्या टोकाने कागदावर एकदा टेकवले की चौकटच्या पानासारखा एक तिरका ठिपका उमटतो. तो नुक्ता. अलिफची उंची किती नुक्ते, बे ची लांबी किती नुक्ते, हे ठरलेले. अक्षर बोटाएवढे असो की पुरुषभर उंचीचे, प्रमाण तेच. त्यामुळे मोठ्या भिंतीवर लिहितानाही कारागीर आधी आपला नुक्ता ठरवतो आणि मग सगळी ओळ त्या मापाने बसवतो.

शैलीही वेगवेगळ्या. इराकमधल्या कूफा शहरावरून नाव पडलेली कोनदार ‘कूफी’. कुरआनाच्या छापील प्रतींत दिसणारी, वाचायला सोपी ‘नस्ख’. मशिदीच्या दर्शनी भागावर उंच उभ्या रेघांनी शोभणारी ‘सुल्स’. आणि उर्दूसाठी वापरली जाणारी, उजवीकडून डावीकडे उतरत येणारी ‘नस्तालीक’. मशिदीच्या आत अरबी मजकूर सुल्स किंवा नस्खमध्ये आणि बाहेर उर्दू पाटी नस्तालीकमध्ये, हे आपल्याकडे नेहमीचे दृश्य आहे.

साधने मात्र आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीची. बोरूची काडी, तिचे टोक तिरके छाटायचे. त्या छाटाला ‘कत’ म्हणतात आणि अर्धे अक्षर त्यातच असते, असे जुने उस्ताद मानत. काजळी आणि डिंक खलून केलेली शाई. दौतीत रेशमाचा बोळा, म्हणजे बोरूला शाई बेताचीच लागते. सरावाला मुलतानी मातीने सारवलेली लाकडी तख्ती. मराठी शाळेतल्या धूळपाटीची ही बहीणच. मोडी लिहिणारा कारकून आणि फार्सी लिहिणारा मुनशी एकाच कचेरीत, एकाच जातीच्या बोरूने लिहीत होते.

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर गोल, सरळ, मोकळे असावे, ओळी सारख्या चालाव्यात आणि ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा त्यात आहे. कुठल्याही खुशनवीसाने आपल्या शागिर्दाला हेच सांगितले असते. भाषा वेगळी, लिपी वेगळी, पण पवित्र मजकूर नीट हाताने लिहावा ही जाणीव एकच.

दख्खनचे हात

आपल्या या भागात अक्षरांचा मोठा खजिना आहे आणि तो स्थानिक हातांनी घडवलेला आहे. विजापूरच्या जामा मशिदीची मेहराब पाहिली आहे का? सोनेरी मुलामा, रंगवलेले कोनाडे, त्यांत काढलेल्या पुस्तकांच्या व फुलदाण्यांच्या आकृत्या आणि त्यांच्या भोवती अक्षरांच्या ओळी. मुहम्मद आदिलशहाच्या काळात, १६३६ साली हे काम झाले. ते करणारा याकूत दाबुली या नावाने ओळखला जातो. दाबुल म्हणजे आपले कोकणातले दाभोळ. त्याच शहरातल्या इब्राहिम रोजाच्या खिडक्यांत दगडाच्या जाळीतच अक्षरे कोरली आहेत. उजेड आत येतो तो अक्षरांतून गाळून. बिदरला महमूद गावान याच्या १४७२ च्या मदरशावर रंगीत टाइलांची अक्षरे आजही काही ठिकाणी टिकून आहेत.

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण मुख्य दारावरचा लेख फार थोडे लोक पाहतात. त्यात दोन नावे आहेत: वास्तुरचनाकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय. औरंगजेबाच्या काळातील एका मुघल मकबऱ्याच्या दारावर एक मुस्लिम आणि एक हिंदू नाव शेजारी शेजारी कोरले आहे. हे कोणी आज सलोख्यासाठी मुद्दाम शोधून काढलेले नाही. त्या काळी काम असेच चालत असे आणि दारावर ते तसेच लिहिले गेले.

अहिल्यानगरची, म्हणजे जुन्या अहमदनगरची दमडी मशीद आकाराने लहान आहे. १५६७ ची ही मशीद तिच्या दगडी कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. तिच्याविषयी एक गोष्ट सांगतात. किल्ल्याच्या बांधकामावर राबणाऱ्या कारागिरांनी आपल्या मजुरीतून एक एक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. गोष्ट इतिहास म्हणून घ्या किंवा लोककथा म्हणून, तिचा अर्थ स्पष्ट आहे. राजाच्या किल्ल्यावर हात वापरला तो पोटासाठी, पण तोच हात सगळ्यांच्या जागेसाठी वापरला तेव्हा त्याने जीव ओतला. सार्वजनिक जागेतली कला म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

ताजमहालावरील अक्षरे लिहिणाऱ्या अमानत खान शिराजीचे उदाहरण इथे सांगायला हवे. उंच कमानीवरची अक्षरे खालून लहान दिसतात. म्हणून त्याने वर जाताना अक्षर थोडे थोडे मोठे केले. खाली उभ्या असलेल्या माणसाला सगळी ओळ सारखी दिसते. पाहणारा कुठे उभा राहणार आहे याचा विचार करून लिहिणे, हे या कलेचे मर्म आहे. एवढ्या मोठ्या इमारतीवर स्वतःचे नाव कोरण्याचा मान मिळालेला कलावंत तोच.

रोज हाताने लिहिलेले वर्तमानपत्र

मराठी वर्तमानपत्रे शिशाच्या खिळ्यांनी जुळवली जात होती त्या काळात उर्दू वर्तमानपत्रे मात्र रोज हाताने लिहिली जात. याचे कारण नस्तालीक. तिच्यात प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार बदलते आणि शब्द तिरका खाली उतरतो. ठराविक खिळ्यांत ती बसेना. म्हणून रात्रपाळीला कातिबांची रांग बसायची. बातमी आली की कातिब ती लिहून काढायचा आणि त्यावरून पान छापले जायचे. मुंबई, हैदराबाद, लखनऊ, लाहोर, सगळीकडे हेच. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर या परंपरेमुळेच जगभर ओळखले गेले.

१९८१ साली पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी जवळपास वीस हजार जोड-आकार हाताने लिहून ‘नूरी नस्तालीक’ ही संगणकावरची लिपी तयार केली. नव्वदच्या दशकात ‘इनपेज’ आले आणि काही वर्षांत कातिबांच्या गाद्या रिकाम्या झाल्या. त्यांचे पुढे काय झाले? काहींनी लग्नपत्रिका लिहिल्या, काही मदरशांत शिकवू लागले आणि काहींनी ब्रश उचलून पाट्या रंगवायला घेतल्या. मशिदीच्या भिंती हा त्यांच्यातल्या अनेकांचा शेवटचा आधार झाला.

उलटा प्रवासही झालेला आहे. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन लहानपणी बडोद्याच्या मदरशात सुलेखन शिकले आणि पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरू लागले. जगाने नंतर पाहिलेल्या त्यांच्या रेषेच्या पाठीमागे तख्तीवरचा सराव आणि परांचीवरची मेहनत दोन्ही होती.

पेंटरची भिंत

आपल्या तालुक्याच्या गावात ‘पेंटर’ म्हणजे कोण हे सांगायला नको. एसटी स्टँडजवळ त्याचे छोटे दुकान, दाराशी रंगाचे डबे, भिंतीला टेकवलेल्या अर्ध्या रंगवलेल्या पाट्या. तो दुकानाची पाटी लिहितो, गणेश मंडळाचा फलक लिहितो, शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितो आणि शाबान महिना लागला की मशिदीतून त्याला बोलावणे येते. रमजानच्या आधी मशिदीला रंग द्यायचा असतो, पाट्या नव्या करायच्या असतात. शेवटच्या आठवड्यात ईदगाहच्या भिंतीला चुना लागतो.

मशिदीतले हे काम इतर पाट्यांसारखे नाही. आधी भिंत घासून, लांबी भरून, सपाट करायची. दोरी मारून ओळी आखायच्या. मग मजकूर कागदावर पूर्ण आकारात काढायचा, रेघांवरून सुईने बारीक भोके पाडायची, कागद भिंतीला लावून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचे अक्षर उमटलेले असते. त्यावरून ब्रश फिरवायचा. रंग भरण्याआधी इमामसाहेब किंवा एखादे हाफिज येऊन अक्षर न् अक्षर तपासतात. कारण अरबीत एक नुक्ता वर की खाली, एवढ्यावर शब्द बदलतो. रंग वाळल्यावर चूक दुरुस्त करणे कठीण असते.

जागेचाही विचार असतो. वजू करण्याच्या हौदाजवळ, जिथे पाण्याचे शिंतोडे उडतात तिथे आयत लिहीत नाहीत. तिथे फक्त ‘पाणी जपून वापरा’ यासारखी सूचना. आयत नेहमी उंचावर, जिथे पाठ किंवा पाय लागणार नाही. हे नियम पेंटरला तोंडपाठ असतात, मग तो कोणत्याही धर्माचा असो. लिपी न शिकलेला पेंटरही कागदावरचा नमुना पाहून, चित्र काढावे तसे अक्षर काढतो. त्याच्या ब्रशने ‘ॐ’ही काढलेला असतो आणि ‘अल्लाह’ही, आणि दोन्ही वेळी हात तितकाच सावध असतो.

मशिदीतली आणखी एक वस्तू मला फार आवडते: नमाजच्या वेळांची पाटी. लाकडी फळीवर सहा घड्याळे रंगवलेली असतात. पाच रोजच्या नमाजची आणि एक जुम्याची. काटे पत्र्याचे, हाताने फिरवायचे. मुअज्जिन ऋतूप्रमाणे ते पुढे-मागे करतात. रमजानात इशा आणि मगरिबच्या जमातीच्या वेळा बदलतात, तेव्हा या पाटीकडे सगळ्यांचे लक्ष असते. ही पाटी त्या त्या गावाचीच असते. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सहा अंशांहून अधिक अंतर आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या सूर्यास्तात साधारण २५ मिनिटांचा फरक पडतो. एका गावाची इफ्तारची वेळ दुसऱ्या गावाला चालत नाही. आपल्या आकाशाखालची वेळ दाखवणारी, आपल्याच पेंटरने रंगवलेली ही घड्याळे म्हणजे गावाची साधी, उपयोगी कलाकृती आहे.

फ्लेक्स, टाइल आणि तुटलेला धागा

आता चित्र पालटले आहे. फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो आणि स्वस्त पडतो. वेळांच्या पाटीची जागा लाल आकड्यांच्या डिजिटल फलकाने घेतली. आयती छापलेल्या टाइलांवर मिळतात, अॅक्रिलिकमध्ये यंत्राने कापलेली अक्षरे मिळतात. सोय आहे, खर्चही आटोक्यात राहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मशिदीचा खर्च लोकवर्गणीतून चालतो आणि विश्वस्तांना पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. डिजिटल फलक अंधारातही दिसतो, वृद्धांना त्याचा उपयोग होतो.

पण दोन गोष्टींचा विचार व्हायला हवा. पहिली अदबीची. कुरआनाचे जीर्ण पानसुद्धा आपण कचऱ्यात टाकत नाही. ते जपून पुरतो किंवा वाहत्या पाण्यात सोडतो. आणि रमजान व ईदच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर मात्र नेत्यांच्या फोटोंशेजारी आयत आणि अल्लाहचे नाव छापतो. ईद झाली की तोच फ्लेक्स वाऱ्याने फाटतो, गटारीत पडतो, कुणाच्या तरी झोपडीवर ताडपत्री होतो. भिंतीवर हाताने लिहिताना वजूच्या पाण्याचा शिंतोडा चालत नाही म्हणणारे आपण, हे कसे चालवून घेतो? हाच प्रश्न देवादिकांच्या चित्रांचे फ्लेक्स लावणाऱ्या आमच्या हिंदू बांधवांनाही पडत असणार.

दुसरी गोष्ट स्मृतीची. मशिदींचे नूतनीकरण जोरात चालले आहे. लोकसंख्या वाढली, जागा अपुरी पडते, ते आवश्यकही आहे. पण जुनी भिंत पाडताना तिच्यावरचे अक्षर कुणी उतरवून घेत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणा कातिबाने लिहिलेली ओळ, कोपऱ्यात बारीक अक्षरात घातलेले त्याचे नाव आणि हिजरी साल, सगळे एका सकाळी राडारोड्यात जाते. त्या जागी संगमरवर येतो, चकचकीत टाइल येते, आणि शंभर गावांत एकाच साच्याचे अक्षर दिसू लागते. विजापूरची मेहराब पुरातत्त्व खाते सांभाळते. आपल्या मोहल्ल्याची मेहराब आपल्याशिवाय कोण सांभाळणार?

पेंटरच्या घरातली गोष्ट तर उघड आहे. वर्षातून मोजकी कामे मिळणाऱ्या धंद्यात मुलगा कशाला उतरेल? तो फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसतो. त्यात गैर काही नाही. पण बापाच्या हातातले माप त्याच्या हातात उतरले नाही, तर गावात पुढच्या वेळी हाताने लिहायला कुणी उरणार नाही.

एक पाटी, एक तख्ती, एक ओळ

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, प्रत्येक मशिदीने निदान एक पाटी हाताने लिहून घ्यावी. सगळे नको, एकच. वेळांचा डिजिटल फलक राहू द्या, पण दारावरचे नाव गावातल्या पेंटरकडून लिहून घ्या आणि कोपऱ्यात त्याला सही करू द्या.

दुसरा, भिंत पाडण्याआधी तिच्यावरच्या सर्व लेखांची नीट छायाचित्रे काढा, मजकूर उतरवून घ्या, लिहिणाऱ्याचे नाव माहीत असेल तर नोंदवा. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. याला अर्धा दिवसही लागत नाही.

तिसरा, मदरशात आणि उर्दू शाळेत आठवड्याला एक तास बोरूचा ठेवा. जवळच्या मराठी शाळेतली मुलेही त्यात बसू द्या. एका बाकावर देवनागरी आणि नस्तालीक शेजारी शेजारी गिरवले गेले, तर दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांची लिपी परकी वाटणार नाही.

चौथा, अरबी ओळीखाली तिचा अर्थ मराठीत लिहा. अनेक शहरांत आता ‘मशीद परिचय’ कार्यक्रम होतात, इतर धर्मांचे शेजारी आत येतात. भिंतीवर काय लिहिले आहे हे त्यांना कुणाला विचारावे लागू नये. खरे तर आपल्यातही अनेकांना अरबी वाचता येते, पण अर्थ कळत नाही. ती मराठी ओळ आपल्याही उपयोगाची.

आणि वर्गणीचे म्हणाल, तर दमडी मशिदीची गोष्ट आहेच. रमजानात आपण जकात आणि फितरा देतो, तो गरिबाचा हक्क आहे आणि तो त्यालाच पोचला पाहिजे. त्याला हात लावायचा नाही. पण मशिदीच्या रंगकामाची जी वर्गणी निघते, तिच्यातला थोडा भाग फ्लेक्सवाल्याऐवजी गावच्या पेंटरकडे गेला, तर एका कष्टकरी घरची ईद गोड होईल आणि भिंतीवर आपल्या गावचे अक्षर राहील.

वाचकहो, या महिन्यात एखाद्या संध्याकाळी मुस्लिम मित्राने इफ्तारला बोलावले, तर जरूर जा. खजूर खाऊन झाला की मेहराबीकडे नजर टाका आणि ते अक्षर कुणी लिहिले हे विचारा. नाव सांगता आले तर लिहून ठेवा. नाही आले, तर यजमानालाही शोध घ्यावासा वाटेल. त्या शोधात बहुधा एसटी स्टँडजवळच्या एखाद्या दुकानापर्यंत तुम्ही दोघे मिळून जाल.

सर्वांना रमजान मुबारक.